सोबतच्याने हात मारला, सांगायचं कुणाला?

उमरखेडात नोकरी लागते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीने. अडतीवर, जिनिंगमध्ये, कृषी केंद्रात, पेट्रोल पंपावर, पतसंस्थेत कुठेही बघा, शेजारी बसणारा बायकोच्या माहेरचा निघतो, नाहीतर त्याची पोरं आपल्या पोरांच्या वर्गात असतात. तो गल्ल्यातून नोटा काढताना किंवा पावती न फाडता खताचे कट्टे विकताना दिसला, की मनात आधी कायदा येतच नाही. ‘आपण कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?’ एवढंच येतं. या विचाराची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण त्याच्या मागोमाग जे समज येतात, त्यातले बरेचसे खोटे आहेत. त्यांच्यापायी माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर भलत्याच ठिकाणी बोलून बसतो.

‘शंभर-दोनशेचा तर मामला, एवढ्यासाठी कुणाचं काय होतंय?’ हा त्यातला सर्वांत लाडका समज. उमरखेडला एसटीचं आगार आहे, म्हणून दाखला कंडक्टरचाच घेऊ. भाडं घेऊन तिकीट द्यायचं नाही, या प्रकारात एका वेळची रक्कम कायम किरकोळच असते. तरी कोर्ट रकमेपेक्षा विश्वासघाताकडे बघतं, आणि अशा प्रकरणात नोकरी वाचणं अवघड असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं आणि आपल्या एसटी महामंडळाच्या कंडक्टरांचं प्रकरण एकत्र निकाली काढलं. नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनासाठी ग्रॅच्युइटी जप्त करायची, तर आधी फौजदारी कोर्टात शिक्षा व्हायला हवी का, असा मुद्दा होता. कोर्टाने सांगितलं, गरज नाही; खात्याच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तरी पुरे. कोळसा कंपनीत खोटा जन्मदाखला देऊन नोकरी मिळवलेल्या माणसाची सगळी ग्रॅच्युइटी गेली. कंडक्टरांच्या बाबतीत मात्र अपहाराची रक्कम लहान म्हणून फक्त २५ टक्के जप्ती ठेवून उरलेली रक्कम देण्याचा आदेश झाला. म्हणजे रक्कम लहान असली तर शिक्षेचं माप बदलतं. चोरी ती चोरीच राहते.

हा निकाल सांगणाऱ्याच्याही कामाचा आहे. ‘मी बोललो तर त्याचं सगळं आयुष्य उद्ध्वस्त होईल’ ही भीती खरी वाटते, पण शिक्षा ठरवणारे आपण नसतो. दोषाच्या मानाने शिक्षा किती, हे बघायला चौकशी अधिकारी आहे, त्याच्यावर कोर्ट आहे.

पुराव्याबद्दलही दोन्हीकडून घोळ आहे. काहींना वाटतं, व्हिडिओ नसेल तर तोंड उघडू नये. खात्याच्या चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, हे १९७७ पासून ठरलेलं आहे. हरियाणा सरकार विरुद्ध रतन सिंग या खटल्यातला माणूसही कंडक्टरच होता. तपासणी पथकाला बसमध्ये पैसे भरलेले पण तिकीट न मिळालेले प्रवासी सापडले होते. त्यांचे जबाब मात्र कुणी घेतले नव्हते. त्यामुळे खालच्या कोर्टांनी कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. समजदार माणसाला पटेल असा काही पुरावा असला की चौकशीत तो चालतो.

याची दुसरी बाजू दिल्लीत दिसली. १९७३ साली तिथल्या एका कंडक्टरवर पाच पैशांच्या अपहाराचा आरोप आला आणि त्याची नोकरी गेली. १९९० मध्ये कामगार न्यायालयाने बडतर्फी बेकायदा ठरवली, तरी परिवहन महामंडळ पुढे वर्षानुवर्षं खटला लढवतच राहिलं. आरोप टिकला नाही तरी माणूस असा भरडला जातो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. ‘त्याने एवढ्यात नवी गाडी घेतली’ हा पुरावा नाही, पारावरच्या गप्पा आहेत.

‘माहीत असून सांगितलं नाही, तर आपणही गुन्हेगार’ असं ठासून सांगणारे भेटतात. दुकानातल्या साध्या चोरीपुरतं हे खरं नाही. कोणत्या गुन्ह्यांची खबर नागरिकाने द्यायचीच, याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. नोकराने मालकाची केलेली चोरी तिच्यात नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) तिच्यात आहे. लोकसेवक, बँकर, दलाल किंवा एजंट यांनी सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार करणं हा तो गुन्हा, आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे बँकेतला कॅशियर किंवा तहसीलमधला कारकून यांनी ‘मला काय त्याचं’ म्हणण्याआधी हे कलम वाचलेलं बरं.

आणि गप्प बसण्याचे पैसे घेतले, तर गोष्टच बदलते. गुन्हा झाकण्यासाठी मोबदला घेणं हा न्याय संहितेच्याच कलम २५० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून वाटा घेतला, तर कलम ३१७ लागतं. ‘मला पण दे, नाहीतर सांगतो’ म्हटलं, तर ती खंडणी झाली, आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मालकाच्या मालाची चोरी करणाऱ्या नोकरालाही कलम ३०६ खाली कमाल शिक्षा सात वर्षांचीच आहे! धमकी देणारा चोराच्याच बरोबरीने बसतो.

अब्रुनुकसानीची भीती तर घराघरात असते. ज्याचा त्या माणसावर कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी नाही; कायद्यात तसा अपवादच आहे. मालक, व्यवस्थापक, संस्थेचा सचिव ही अशी माणसं. पण तीच गोष्ट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली किंवा चहाच्या टपरीवर चार जणांत सांगितली, तर तो अपवाद मदतीला येत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मालकापाशी जीभ वळत नाही, आणि टपरीवर थांबत नाही.

‘तक्रार केली की त्याच दिवशी बेड्या’ हेही खरं नाही. मालकाला सांगणं वेगळं, पोलिसात जाणं वेगळं. आणि पोलिसात जायचं की नाही, हे बहुधा मालकच ठरवतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांना सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. नोकराने केलेली चोरी कोर्टाच्या परवानगीने, मालकाच्या संमतीने मिटवताही येते. पैसे परत करून, नोकरी सोडून प्रकरण संपवणं अशक्य नाही.

मग निनावी चिठ्ठी टाकावी का? सरकारी बँकेत किंवा केंद्राच्या कुठल्या उपक्रमात असाल, तर तिचा उपयोग नाही. केंद्रीय दक्षता आयोग निनावी तक्रारी विचारात घेत नाही. नाव द्यायचं आणि ते गुप्त ठेवून घ्यायचं, अशी सोय २००४ च्या सरकारी ठरावाने झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. ते फुटलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर हा ठराव आला. २०१४ मध्ये तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदाही मंजूर झाला, पण तो अमलात आलेला नाही, आणि आला तरी तो सरकारी नोकरांच्या गैरव्यवहारापुरताच. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवावीच लागते. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. अडत दुकान किंवा कृषी केंद्रातल्या नोकराला मात्र असं कोणतंही कवच नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्याने मालक कसा आहे, हे जोखूनच बोलावं.

‘मालकाचंच तर गेलं, त्याला काय कमी आहे’ हे वाक्य आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. नुकसान मालकापुरतं राहत नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला. बँक बुडाली की विम्यातून पाच लाखांपर्यंतच मिळतात; त्यावरची ठेव अडकते, आणि ती गावातल्याच कुणाची तरी असते. दुकानातही तूट आली की मालक ती सगळ्यांच्या पगारातून वळती करतो, आणि नोकरांना तो नियमच वाटतो. वेतनाच्या कायद्यानुसार ज्याच्या हवाली माल किंवा रोकड होती, त्याच्याच चुकीने नुकसान झालं असेल आणि त्याला म्हणणं मांडू दिलं असेल, तरच पगारातून कपात करता येते.

आधी त्यालाच सांगावं का? कायदा अडवत नाही. पोराच्या फीसाठी एकदा गल्ल्यातून उचललेल्या पाचशेंसाठी मी आधी त्यालाच गाठीन, आणि मालकाला सांगून पगारातून फेडायला लावीन. पण दुसरं पावतीबुक छापून घेतलेल्या किंवा रोज काटा मारणाऱ्या माणसाला आधी सावध करणं म्हणजे पावतीबुक जाळायला वेळ देणं, आणि उद्या नाव आपलंच पुढे येणं.

सांगायचं ठरलं, तर त्याची पिशवी किंवा मोबाइल तपासायला जाऊ नका. तारीख, वेळ, काय पाहिलं आणि कोणत्या नंबरची पावती, एवढंच कागदावर लिहा. तो कागद अधिकार असलेल्या एकाच माणसाला द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही व तारीख घेऊन ती प्रत घरी ठेवा.