गाडीतली वीज, लेखांक सहावा : नवा स्टिरिओ आणि विझलेला दिवा

मागच्या लेखात बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्यातला देवघेवीचा हिशेब पाहिला. या आठवड्याचा विषय त्याला लागूनच आहे, कारण धडधाकट गाडीच्या वायरिंगला बाहेरचा हात लागण्याचा सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे स्टिरिओ बदलणे. त्यानंतर येणाऱ्या तक्रारी ऐकल्या तर त्यांतल्या पुष्कळशा आवाजाविषयी नसतातच. केबिनचा दिवा लागत नाही, रिमोटने दारे उघडत नाहीत, डॅशबोर्डवरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकदमच गेले, आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार म्हणजे दोन दिवस उभी राहिलेली गाडी तिसऱ्या दिवशी सेल्फ घेत नाही. मालक म्हणतो, स्टिरिओवाल्याने गाडी बिघडवली. स्टिरिओवाला म्हणतो, त्या दिव्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. दोघेही खरे बोलत असू शकतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. माझे म्हणणे असे की अशा बिघाडाचे मूळ लक्षण दिसते तिथे सापडत नाही आणि स्टिरिओच्या डब्यातही क्वचितच सापडते. स्टिरिओ आणि उरलेली गाडी यांच्यात जे सामाईक आहे, म्हणजे एखादा फ्यूज, एखादी अर्थची जागा आणि नव्या गाड्यांत संदेश वाहणाऱ्या दोन तारा, तिथे ते असते. ही गोष्ट मनात पक्की नसली की माणूस आधी बॅटरी बदलतो, मग अल्टरनेटर उतरवतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

आधी तारा ओळखून घेऊ. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंच्या मागच्या तारांचे रंग ठरलेले आहेत. पिवळ्या तारेला बॅटरीचा करंट चोवीस तास हवा असतो, कारण घड्याळ आणि साठवलेली स्टेशने तिच्यावर टिकतात. लाल तारेला किल्ली फिरवल्यावरच करंट मिळायला हवा. काळी अर्थची, केशरी पार्किंग दिव्यांबरोबर जागी होणारी, निळी अँटेनाची, निळी-पांढरी बाहेरच्या ॲम्प्लिफायरला जागे करणारी. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार जोड्या स्पीकरच्या. इथवर सगळे सरळ आहे. पण हे रंग स्टिरिओच्या बाजूचे झाले. गाडीच्या हार्नेसमधले रंग प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठेवलेले असतात आणि तिथली पिवळी तार भलत्याच कामाची असू शकते. म्हणून गाडीच्या बाजूची तार रंगावरून ओळखायची नाही, मीटर लावून मोजायची: किल्ली काढून एकदा, किल्ली फिरवून एकदा, पार्किंग दिवे लावून एकदा. या तीन मोजण्या गाळल्या की पुढचे बरेचसे बिघाड जन्माला येतात.

सामाईक फ्यूजचा पुरावा सर्वांत स्वच्छ आहे. जपानी घडणीच्या अनेक गाड्यांत स्टिरिओची स्मृती सांभाळणारा करंट, केबिनचा दिवा आणि घड्याळ हे एकाच फ्यूजवर असतात. काही गाड्यांत मेकॅनिक स्कॅनर लावतो ते पोर्टही त्याच फ्यूजवर असते. बॅटरीची तार न काढता स्टिरिओ जोडताना सोललेली पिवळी तार डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला क्षणभर टेकली तरी तो फ्यूज जातो. पुढे स्टिरिओला करंट कुठून तरी दुसरीकडून दिला जातो, स्टिरिओ वाजतो, गिऱ्हाईक पैसे देऊन निघते, आणि रात्री दार उघडल्यावर दिवा लागत नाही. केशरी तारेचेही तसेच. ती अर्थला टेकली तर पार्किंग दिव्यांचा फ्यूज उडतो. मागचे दिवे आणि डॅशबोर्डचा उजेड एकाच वेळी जातात. रात्रीच्या महामार्गावर मागचे दिवे नसलेली गाडी हा जिवाशी खेळ आहे, आणि आत बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. स्टिरिओ आणि बारा व्होल्टचे चार्जिंग सॉकेट दोन्ही एकदम मेले असतील तर संशय किल्लीच्या करंटच्या फ्यूजवर घ्यावा. थोडक्यात, कोणकोणत्या गोष्टी एका वेळी बंद पडल्या त्यांची यादी करायची आणि मालकाच्या पुस्तिकेतल्या फ्यूजच्या तक्त्याशी ताडून पाहायची. पुष्कळ वेळा एवढ्यानेच उत्तर हाती येते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा मोठा फ्यूज घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. निळा १५ ॲम्पियरचा टिकत नाही, हिरवा ३० चा घाला, नवा स्टिरिओ ताकदवान आहे, त्याला जास्त करंट लागतो, असा युक्तिवाद असतो. तो चुकीचा आहे आणि धोक्याचाही. फ्यूज स्टिरिओसाठी नसतो, त्याच्या पुढच्या तारेसाठी असतो. १५ ॲम्पियरच्या हिशेबाने घातलेल्या बारीक तारेतून ३० ॲम्पियर वाहू लागले की फ्यूज शाबूत राहतो आणि तारेचे आवरण वितळते, तेही डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमच्या सान्निध्यात. शिवाय ताकदीचा हिशेबही टिकत नाही. खोक्यावर ‘५० वॅट, चार चॅनेल’ छापलेले असते, पण इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. एवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला स्टिरिओच्या आतला ॲम्प्लिफायर स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २६ वॅटच्या आसपास देऊ शकतो. हे भौतिकशास्त्राचे बंधन आहे, कुठलीही कंपनी ते ओलांडू शकत नाही. म्हणूनच स्टिरिओच्या पाठीवर बहुधा १० किंवा १५ ॲम्पियरचाच फ्यूज असतो, आणि प्रत्यक्ष गाणी वाजताना सरासरी करंट त्याहून बराच कमी लागतो. डिकीत वेगळा ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवला असेल तर गोष्ट निराळी. त्याची जाड तार थेट बॅटरीकडून, बॅटरीजवळच स्वतःचा फ्यूज घेऊन यायला हवी. नुसत्या स्टिरिओसाठी फ्यूज उडत असेल तर कुठेतरी तार टेकते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याच हिशेबाने बॅटरी उतरण्याच्या तक्रारीकडे पाहिले की दिसते, इंजिन चालू असताना स्टिरिओ किती वीज खातो हा प्रश्नच गौण आहे. लहान गाडीचा अल्टरनेटरही साधारण ६० ॲम्पियर देऊ शकतो. प्रश्न आहे तो किल्ली काढल्यानंतरचा. गाडी बंद करून दारे लावल्यावर तिचे छोटे संगणक हळूहळू झोपी जातात. कुठे वीस मिनिटे लागतात, कुठे तासभर. त्यानंतर साधारण ५० मिलिॲम्पियरपर्यंतचा करंट चालतो. ३५ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीतून या दराने दिवसाला १.२ ॲम्पियर-तास जातात, म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहिली तरी सुरू व्हायला हरकत नाही. आता स्टिरिओ झोपलाच नाही आणि अर्धा ॲम्पियर ओढत राहिला असे धरा. दिवसाला १२, दोन दिवसांत २४ ॲम्पियर-तास गेले, उरले अकरा. तिसऱ्या दिवशी गाडी सेल्फ का घेत नाही, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. स्टिरिओ झोपत नाही त्याचे नेहमीचे कारण म्हणजे किल्लीचा करंट शोधण्याचा कंटाळा. लाल आणि पिवळी तार एकत्र पिळून दोन्ही कायमच्या करंटला जोडल्या जातात. किल्लीविना गाणी ऐकता येतात म्हणून गिऱ्हाईकही खूश होते. पण मग स्टिरिओच्या लेखी किल्ली कधी निघतच नाही, आणि बटण दाबून पडदा काळा केला तरी अनेक अँड्रॉइड स्टिरिओ आत जागेच राहतात. उलट बाजूचा बिघाडही असतो. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत ठरावीक आयएसओ कपलरमधल्या या दोन करंटच्या जागा उलट असतात. तारा तशाच जोडल्या तर किल्ली काढताच स्टिरिओ सगळी स्टेशने विसरतो. बॅटरी उतरते आणि स्मृती जाते ही दोन वेगळी लक्षणे वाटतात, पण दोन्हींची चौकशी लाल आणि पिवळ्या तारेपाशीच करायची.

नव्या गाड्यांत आणखी एक सामाईक गोष्ट आली आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली कॅन ही संदेशप्रणाली आज बहुतेक गाड्यांत असते: एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, आणि त्यांवरून गाडीतल्या अनेक संगणकांचे संभाषण. अशा काही गाड्यांत स्टिरिओच्या मागे किल्लीच्या करंटची तारच नसते. किल्ली फिरली हा संदेशच तिथे येतो. म्हणून नव्या स्टिरिओबरोबर एक छोटा डिकोडर येतो. तो संदेश वाचून लाल तारेसाठी करंट तयार करतो. हा डिकोडर त्या गाडीला जुळणारा नसला तर तो करंट सोडत राहतो किंवा संदेशवाहिनीला झोपू देत नाही, आणि मग सगळी गाडीच रात्रभर जागी राहते. जुन्या फोक्सवॅगन आणि आउडी गाड्यांतले उदाहरण तर मला फार बोलके वाटते. तिथे स्टिरिओच्या कपलरमध्ये दुरुस्तीच्या स्कॅनरची एक तार असे. बाहेरचा स्टिरिओ त्या तारेला चुकीच्या जागी जोडला गेला की स्कॅनर इंजिनच्या संगणकाशी बोलूच शकत नसे. स्टिरिओचा आणि इंजिनचा काय संबंध, असे विचारणाऱ्याला याहून थेट उत्तर देता येणार नाही.

अर्थच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. काळी तार रंग लावलेल्या पत्र्याला किंवा प्लास्टिकमध्ये बसलेल्या स्क्रूला जोडली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो: अँटेनाच्या केबलची जाळी, ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या केबलची जाळी. मग इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. आवाज मोठा करून बॅटरीची ऋण बाजू आणि स्टिरिओची काळी तार यांच्यामध्ये मीटर लावावा. एक दशांश व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टकडे गेला तर जागा बदला. स्पीकरची ऋण तार मात्र कधीही अर्थला जोडू नये, आजच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच्याच असतात.

आता योगायोगाचा आक्षेप. बॅटरी चार वर्षांची होती, ती तशीही जाणारच होती, स्टिरिओ नुसता निमित्ताला आला, असे दुकानदार म्हणतो, आणि ते शक्य आहे. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण हा वाद तोंडाने का घालावा? पूर्ण चार्ज झालेली, तासभर शांत उभी राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टिरिओ जोडून गाडी एक रात्र उभी ठेवा आणि सकाळी मोजा. पुन्हा चार्ज करून, स्टिरिओ सोडवून दुसरी रात्र ठेवा आणि मोजा. दोन्ही सकाळी आकडा सारखाच पडला तर बॅटरी दोषी. फक्त पहिल्या सकाळी पडला तर स्टिरिओची जोडणी दोषी. सोडवताना नुसता डबा सोडवू नका, गाडीच्या कपलरमधून नवा हार्नेस आणि डिकोडर दोन्ही बाहेर काढा, नाहीतर खरा संशयित आतच राहील. आणि बॅटरीची तार काढून परत लावल्यावर काचेचे एका स्पर्शात वर जाणे थांबले किंवा घड्याळ चुकले तर तो बिघाड समजू नका. ती गाडीची विसरलेली स्मृती आहे, पुस्तिकेतल्या पद्धतीने ती परत बसवता येते.

दुसरा आक्षेप असा की कपलरला कपलर जोडला, एकही तार कापली नाही, मग चूक होणार कुठे? कपलर पद्धत नक्कीच चांगली आहे आणि मी तिचाच आग्रह धरीन. पीळ घालून टेप गुंडाळलेला सांधा आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिंक वितळून सुटतो, आणि कंपनीचे वायरिंग कापलेले दिसले तर वॉरंटीचा दावा अडू शकतो. पण कपलर आकाराने बसला म्हणजे आतली प्रत्येक पिन बरोबर आहे असे होत नाही, हे वरच्या उलट्या जागांच्या उदाहरणातून दिसलेच. स्टिरिओ आत ढकलताना मागची तार पट्टीखाली चिरडणे तर कुठल्याही पद्धतीत घडते.

हे सगळे वाहनमालकाने स्वतः करावे असे माझे म्हणणे नाही. विशेषतः पिवळ्या आवरणाच्या कपलरांना कोणीही टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नये. ते एअरबॅगचे असतात. पण काम करून घेताना चार गोष्टी मागणे मालकाच्या हाती आहे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढायला सांगा. लाल तारेला करंट कुठून दिला हे विचारा आणि किल्ली काढून तो जातो का ते मीटरवर बघा. गाडी ताब्यात घेताना केबिनचा दिवा, मागचे दिवे, इंडिकेटर, रिमोट आणि चार्जिंग सॉकेट तिथेच तपासा. आणि जुना स्टिरिओ दुकानात सोडून येऊ नका; पुढे बिघाड आलाच तर तो परत बसवून पाहणे हीच सर्वांत स्वस्त तपासणी आहे. पुढच्या आठवड्यात हेडलाइटचे एलईडी बल्ब आणि त्यांसाठी लागणारे रिले यांविषयी.