सर्व्हर निपाणीत, कारभारी परगावी

तंबाखूच्या पेढीचा हिशेब मुंबईच्या ‘फ्रॅपे’ने घडवलेल्या मुक्तस्रोत ‘ईआरपीनेक्स्ट’वर असला, तरी सर्व्हर सांभाळणारा निपाणीतच हवा असं नाही. दुरून सुरक्षितपणे सर्व्हरमध्ये शिरायला एसएसएच पुरतं. ते १९९५मध्ये फिनलंडमध्ये जन्मलं. आज सर्रास चालतं ते त्याचं १९९९चं मुक्त रूप, ओपनएसएसएच. पासवर्डचा लॉगिन बंद, फक्त डिजिटल किल्ली. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याला थेट प्रवेश नाही, ही किमान शिस्त.

सॉफ्टवेअर फुकट, देखभाल नव्हे. सेंटओएस ७ या फुकट सर्व्हर-प्रणालीचे अपडेट ३० जून २०२४ला थांबले. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, ‘सर्ट-इन’च्या, एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस जपायचे. हे कोण करणार, ते करारातच लिहून घ्यावं. आणि ‘बॅकअप घेतो’ यावर मान डोलवू नका. तो परत चढवून दाखवायला सांगा.