कारखान्यातील राखीव वीज : साठा एक, वाटा अनेक

वैशाखात बेळगाव-निपाणी परिसरात वळवाचा पाऊस येतो, तो बहुधा तिसऱ्या प्रहरी आणि वाऱ्याला पुढे धाडून. कोठे तारेवर फांदी पडते, कोठे खांब कलतो आणि वीज जाते. घरात अशा वेळी हातपंखा शोधून भागते. उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत मात्र त्याच क्षणी विजेच्या भट्टीत बिडाचा रस असतो. त्याचे तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आगेमागे असते. भट्टीभोवतालचे तांब्याचे पोकळ वेटोळे आतून वाहणाऱ्या पाण्याने थंड राखलेले असते. वीज गेली की पंप थांबतो. रसाची उष्णता काही थांबत नाही. उंच टाकीतील राखीव पाणी वेळेवर वेटोळ्यात उतरले नाही, तर वेटोळे जळते, आणि पाणी रसात शिरले तर स्फोटही होतो.

जाणते कारखानदार या पाण्यासाठी वीज जाताच आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवितात, आणि ते योग्यच आहे. तरीही पाणी खरोखर वाहते आहे काय, ते किती तापले आहे, हे सांगणारी व धोक्याची घंटा वाजविणारी यंत्रणा जागी राहावी लागते. ती चालते २४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे कारागीर ज्याला डी. सी. म्हणतात त्यावर. हा प्रवाह पॅनेलमधील पॉवर सप्लाय पुरवितो, आणि वीज गेली की त्याच्या जोडीची बॅटरी.

अडचण अशी की, पॅनेल हे जुन्या वाड्यासारखे वाढत जाते. प्रथम भट्टीबरोबर एक पॉवर सप्लाय आणि बॅटरीची एक जोडी येते. पुढे तापमान नोंदविणारे उपकरण येते, ते आपली जोडी घेऊन येते. मग घंटा व दिवे, मग व्हॉल्व्हच्या कॉइल. प्रत्येक जण आपल्यापुरते पाहतो. काही वर्षांत चार चुली मांडल्या जातात, आणि दाराजवळची एक तेवढी तपासली जाते.

या चार चुलींचा हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, प्रत्येक जोडी ७ अँपिअर-तासांची आहे. कॉइलना ३ अँपिअर लागतात, नियंत्रकाला दीड, उपकरणांना एक आणि घंटा-दिव्यांना अर्धा. एकूण ६ अँपिअर. वीज गेल्यावर कॉइलची जोडी सुमारे दीड तासात दम सोडते. त्या वेळी घंटेची जोडी जवळजवळ भरलेलीच असते; परंतु शेजारणीला तिचा काडीचाही उपयोग नाही. त्याऐवजी २६ अँपिअर-तासांची एकच मोठी जोडी ठेवली, तर तोच सारा भार ती तीन तासांच्या आसपास वाहते. साठा किंचित कमीच झाला, पण पुरला दुप्पट वेळ.

येथे बॅटरीवरील आकड्याने फसू नये. ७ अँपिअर-तास हा आकडा सामान्यतः २० तासांत सावकाश वापर धरून दिलेला असतो. तीच बॅटरी ७ अँपिअरने उपसली तर तासभर चालत नाही. चाळीस मिनिटांच्या आसपासच थकते. वयानुसार तिची शक्ती घटते, ती निराळीच. म्हणून हिशेबात पाव हिस्सा अधिक धरण्याची रीत आहे.

एकत्रीकरणावरचा खरा आक्षेप मात्र निराळा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चार चुलींपैकी एक विझली तर तीन राहतात. एकच असेल तर सारे घर उपाशी. भट्टीजवळ एखादी तार जळून शॉर्ट झाली की आधुनिक पॉवर सप्लाय आपला प्रवाह आखडता घेतो. तो प्रवाह साध्या एम. सी. बी.ला झटकन पाडण्याइतका नसतो. तार तुटत नाही, एम. सी. बी. पडत नाही, दाब मात्र कोसळतो आणि त्याबरोबर नियंत्रकही बंद पडतो. एका तारेने सारे बुडविले!

यावर उपाय आहेत. साठा एक करावा, वाटा एक करू नयेत. प्रत्येक शाखेला थोड्या जादा प्रवाहानेच तोडणारा इलेक्ट्रॉनिक संरक्षक द्यावा. पॉवर सप्लाय एकाऐवजी दोन घ्यावेत, दोन्ही एकट्याने सारा भार पेलणारे, आणि ते डायोडमधून जोडावेत, म्हणजे बिघडलेला चांगल्याला खाली ओढीत नाही. कॉइल बंद होताना उलट धक्का मारते. पूर्वी तो तिच्याच सप्लायवर जाई, आता नियंत्रकावर येईल, म्हणून प्रत्येक कॉइलवर डायोड हवाच. ज्या कॉइलची वीज गेल्यावर गरज नाही, त्या राखीव साठ्यावर ठेवूच नयेत. या एका विचाराने भार कधी कधी निम्म्यावर येतो, तरी तो सहसा कोणी करीत नाही.

बॅटरीला उष्णतेचे वावडे आहे. दर १० अंश वाढीला तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, तेव्हा भट्टीलगतच्या पॅनेलमध्ये तिला कोंडणे म्हणजे पैसा जाळणे. ती थंड, हवेशीर जागी न्यावी. पण तार बेतशीर घ्यावी. २० मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून ६ अँपिअर नेले, तर सुमारे तीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्धा व्होल्टही जात नाही. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण शॉर्ट झाल्यास पॉवर सप्लायप्रमाणे बॅटरी हात आखडत नाही.

सारेच एकत्र करावे असेही नाही. वाफेच्या टर्बाइनवर वीज निर्माण करणाऱ्या साखर कारखान्यांत, वीज गेली तरी टर्बाइनचा दांडा बराच वेळ फिरत राहतो आणि त्याच्या बेअरिंगना तेल लागते. ते तेल देणारा डी. सी. पंप मोठ्या दाबाच्या स्वतंत्र बॅटरीवर चालतो. तिला या २४ व्होल्टच्या संसारात ओढू नये.

जोडणी पुरी झाल्यावर, भट्टी थंड असताना, साप्ताहिक सुटीच्या दिवशी मुख्य स्विच खरोखर बंद करून घड्याळ लावावे. दाब २१ व्होल्टवर येईपर्यंत किती मिनिटे गेली, ते पॅनेलच्या दाराच्या आतील बाजूस तारखेसह लिहावे, आणि पुढील वर्षी वळीव येण्यापूर्वी हीच मोजणी पुन्हा करावी.