सक्ती कोणावर?



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी चौथीला होतो. या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा अधिकार तेवढाच. विषय मात्र मी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीवरून निवडला आहे. शाळेत यायला नकार देणारे मूल आणि वर्गात संतापाने बेभान होणारे मूल, या दोघांना आपण कोणती मदत करू शकतो, हा तो विषय.

बडोद्यात याविषयी बोलताना 'सक्ती' या शब्दापाशी थांबणे भाग आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ते सबंध संस्थानाला लागू केले. त्यात दंड होता तो मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ 'शासनावरील बंधन' असाच सांगितला आहे, आणि त्याच कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. म्हणजे सक्ती आहे ती मोठ्यांवर. आपण मात्र ती उचलून मुलाच्या पाठीवर ठेवतो. मीही तेच केले.

१९९४ साली मी एका गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित शिकवीत असे. वडिलांच्या बदलीमुळे एक मराठी मुलगा पाचवीत दाखल झाला. दिवाळीपूर्वी त्याचे रोज सकाळी पोट दुखू लागले. रविवारी दुखत नसे. वडिलांनी मला विचारले तेव्हा मी ठामपणे सांगितले, ''ही सोंगे आहेत. उचलून आणा.'' त्यांनी स्कूटरवरून आणले. त्याने फाटकाचे गज घट्ट धरले होते आणि त्याची बोटे एकेक करून मी सोडवली. तिसऱ्या दिवशी त्याचे रडणे थांबले. मला वाटले, आपण जिंकलो. दिवाळीच्या सुटीनंतर तो आलाच नाही.

कारण मला पुढे त्याच्या वह्या चाळताना उमगले. मराठी शाळेत चार वर्षे शिकलेला तो मुलगा गुजराती अक्षरांवरही शिरोरेघ ओढीत असे. 'ख', 'ज', 'भ' ही अक्षरे तर दोन्ही लिप्यांत वेगळी. फळ्यापाशी लिहायला उभे केले की वर्ग हसे. पोट खरोखरच दुखत होते. भीतीने दुखणारे पोट हे सोंग नव्हे.

शाळा चुकवणारे मूल आणि शाळेला नकार देणारे मूल यांतला फरक येथे ध्यानात घ्यावा. पहिले घरी न सांगता भटकते. दुसरे बहुधा घरच्यांच्या देखत, घरातच अडून बसते. कर्नी आणि सिल्व्हरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली नकारामागचे चार हेतू मांडले. शाळेतील एखाद्या गोष्टीने वाटणारी भीती वा उदासी टाळणे. चारचौघांत बोलणे, परीक्षा, हसे होणे यांतून सुटणे. आईवडिलांचे लक्ष वा सहवास मिळवणे. आणि शाळेबाहेरच्या अधिक सुखाच्या गोष्टींकडे जाणे. एकाच मुलात यांतले दोन-तीन हेतू एकत्र असू शकतात. म्हणून 'का येत नाहीस?' एवढे विचारून भागत नाही. कोणत्या वारी, कोणत्या तासाला, कोणाच्या समोर हे घडते, हे आपणच पाहावे लागते.

मग करावे काय? प्रथम डॉक्टरांना दाखवावे. दुखणे खरे असू शकते. नंतर शिक्षक आणि पालक यांनी मुलासह एक ठराव करावा. पहिले काही दिवस फाटकापर्यंत, मग ग्रंथालयात अर्धा तास, मग आवडीचा एक तास, मग अर्धा दिवस. फाटकाशी रोज एकाच ओळखीच्या माणसाने त्याला भेटावे. भीतीचे मूळ शाळेत असेल तर ते शाळेनेच काढावे. माझ्या त्या विद्यार्थ्याला फळ्याऐवजी महिनाभर वहीत लिहू दिले असते, तरी पुष्कळ झाले असते. पालकांनी शाळेच्या वेळात घरी दूरदर्शनसंच व मोबाईल बंद ठेवावा, पण टोमणे मारू नयेत. आणि दिरंगाई करू नये. घरी राहिल्याने भीतीपासून जी सुटका मिळते तीच सवय होऊन बसते. दिवस जातील तसे परतणे अवघड होते. ओढून आणू नये याचा अर्थ सोडून द्यावे असा नव्हे.

संतापाचेही असेच. राग चढतो तेव्हा छाती धडधडते, श्वास वाढतो, मुठी वळतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. अशा क्षणी दहा वर्षांच्या मुलाला उपदेश करणे म्हणजे पुरात उभे राहून पोहण्याचे धडे देणे. त्या वेळी शब्द कमी करावेत, आवाज खाली आणावा, बघे दूर करावेत. कोणाला इजा होऊ देऊ नये. बोलणे नंतर, शांतपणे, एकांतात. मोडलेल्या वस्तूची व दुखावलेल्या सोबत्याची भरपाई मुलाने करावीच. मात्र ती अपमान न होता करता आली पाहिजे. आणि शिक्षकाचा स्वतःचा राग? तो आवरला नाही, तर बाकीचे सगळे व्यर्थ.

मूल जेवत-झोपत नसेल, अगदी गप्प झाले असेल, स्वतःला इजा करण्याची भाषा करीत असेल, तर मात्र विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ पासून शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटी बाईंची एक आठवण. चौथीत मी एकदा रागाने पाटी भिंतीवर फेकली होती. बाईंनी वर्गाला मैदानावर पाठवले, माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि तुकडे वेचू लागल्या. थोड्या वेळाने मीही वेचू लागलो. सगळे गोळा झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ''आता सांगतोस?'' मी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर वर्गाच्या पाट्या पुसण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते मी आनंदाने केले.

हे सारे मला आठवत होते, तरीही १९९४ साली मी ती बोटे सोडवली. शिकलेले विसरायला वेळ लागत नाही, म्हणून आज आपणा सर्वांसमोर ते पुन्हा उजळले. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला असेल. त्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळालेली नाही. या सभागृहातील शिक्षकांवर आणि पालकांवर तशी वेळ न येवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.