सोळानंतर काय?

१, २, ४, ८, १६, ? प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल?

शिष्यवृत्तीच्या तयारीला लागलेलं शाळकरी पोरसुद्धा प्रश्न पुरता वाचायच्या आत ३२ म्हणून मोकळं होतं. तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की बँकेची परीक्षा, उत्तरतालिकेत ३२ च असणार. परीक्षेला बसलात तर तुम्हीही ३२ चाच गोल काळा करा. पण ३१ हेही या प्रश्नाचं तितकंच बिनचूक उत्तर आहे. २३ हेही आहे, आणि ते तर नाशिकजवळच्या देवळालीतलं आहे. मनाला येईल तो आकडा ठोकून द्यायचा, असला हा प्रकार नाही; दोन्हींच्या मागे पक्का नियम आहे.

आधी ३१ घेऊ. कागद-पेन्सिल घ्या आणि एक वर्तुळ काढा. परिघावर एकच बिंदू दिला तर जोडायला दुसरा कुणी नाही, म्हणून वर्तुळाचा भाग एक. दोन बिंदू देऊन सरळ रेषेने जोडले की दोन भाग. तीन बिंदू एकमेकांना जोडले की चार: मधला त्रिकोण आणि कडेच्या तीन फाका. चार बिंदूंना आठ. पाच बिंदूंना मोजायला जरा वेळ लागतो, पण सोळा भरतात. आता सहावा बिंदू द्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडा आणि मोजा. ३२ भरत नाहीत. पुन्हा मोजा. ३१!

कंपास घेऊन फार टापटिपीने समान अंतरावर सहा बिंदू घेतले असतील, तर ३० च भरतील. तेव्हा समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा केंद्रात एकाच जागी छेदतात आणि मधला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो. इथे हात थोडा वाकडा असलेला बरा.

मग बत्तिसावा भाग गेला कुठे? तो कधी नव्हताच, कारण या चित्रात दुप्पट होण्याचा नियमच नव्हता. वर्तुळात नवी रेषा ओढली की एक भाग वाढतो, आणि वाटेत ती जितक्या जुन्या रेषांना छेदते तितके आणखी वाढतात. म्हणजे एकूण भाग = सुरुवातीचा १ + रेषांची संख्या + छेदनबिंदूंची संख्या. रेषेसाठी दोन बिंदू लागतात. छेदनबिंदूसाठी चार, कारण परिघावरचे कोणतेही चार बिंदू घेतले की त्यांचा एक चौकोन होतो आणि त्याचे दोन कर्ण आत एकदाच भेटतात. पाच बिंदूंत १० रेषा आणि ५ छेद, म्हणून १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंत १५ रेषा आणि चार-चार बिंदू निवडण्याचे प्रकारही १५, म्हणून १ + १५ + १५ = ३१. पुढे ५७, ९९, १६३. दुपटीशी काडीचाही संबंध उरलेला नाही, असं वाटत असतानाच दहाव्या बिंदूला उत्तर येतं १ + ४५ + २१० = २५६. हा तर थेट दोनाचा आठवा घात! मला हा २५६ पहिल्या पाच पदांपेक्षाही जास्त चकवतो.

३१ ला वर्तुळाचाच आधार आहे असंही नाही. ४९६ या संख्येचे विभाजक चढत्या क्रमाने लिहून पाहा: १, २, ४, ८, १६, ३१, ६२, १२४, २४८, ४९६. शेवटचा सोडून बाकीच्यांची बेरीज केली की पुन्हा ४९६ च येते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात.

आता आपल्या क्लासमधल्या फळ्याकडे वळू. संख्यामालिकेचा पहिला धडा सगळीकडे एकच असतो: आधी फरक काढा. २, ६, १२, २०, ३० यांतले फरक ४, ६, ८, १०. पुढचा फरक १२, उत्तर ४२. फरकांतून काही कळलं नाही तर फरकांचे फरक काढा. ७, २६, ६३, १२४, २१५ घ्या. फरक १९, ३७, ६१, ९१. त्यांचे फरक १८, २४, ३०. त्यांचे फरक ६, ६. इथे जमीन लागली. तिसरा ६ मांडायचा आणि वर चढत जायचं: ३६, मग १२७, मग ३४२. ज्याचे घन पाठ आहेत तो म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, या तर घनांतून एक वजा केलेल्या संख्या आहेत, ३४३ − १. खरं आहे. पण ज्याला घन पाठ नाहीत, त्यालाही निव्वळ बेरीज-वजाबाकीने तेच उत्तर मिळालं, ही गोष्ट छोटी नाही.

आणि तळाला ६ च का लागला? वर्गांची मालिका घेतली तर दुसऱ्या ओळीत सगळीकडे २ येतात. घनांच्या तिसऱ्या ओळीत ६. चौथ्या घातांच्या चौथ्या ओळीत २४, पाचव्यांच्या पाचव्या ओळीत १२०. २ × १, ३ × २ × १, ४ × ३ × २ × १... एकदा फरक काढला की मालिका घाताची एक पायरी उतरते, आणि उतरताना तो घात गुणक म्हणून मागे सोडते. तीन पायऱ्या उतरल्यावर ३, २ आणि १ हे तिन्ही गुणक तळाशी जमा झालेले असतात. कितीही मोठे घन घ्या, करोडोंच्या घरातले घ्या, तिसऱ्या ओळीत ६ शिवाय दुसरं काही निघत नाही. रट्टा मारणाऱ्या मुलांना हे कुणी एकदा करून दाखवलं, तर निम्म्या ट्रिका पाठ करायची गरजच उरणार नाही.

हीच शिडी उलटी चढून एका माणसाने यंत्र काढलं. चार्ल्स बॅबेजने १८२०च्या दशकात ज्या डिफरन्स इंजिनचा ध्यास घेतला, त्याला गुणाकार येत नव्हता. ते फक्त बेरीज करणार होतं. तळाचा फरक कायम ठेवायचा, तो वरच्यात मिळवायचा, तो त्याच्या वरच्यात, आणि सर्वांत वर गणिती कोष्टकातली पुढची संख्या तयार. बॅबेजच्या हयातीत ते पुरं झालं नाही. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये यंत्र उभारलं आणि ते चाललं. फरकांच्या सात पातळ्या, आणि प्रत्येक संख्येला ३१ अंक. (होय, ३१. यात मात्र कसलाही अर्थ शोधू नका.) परीक्षार्थी संख्यांवरून फरक शोधतो, बॅबेजचं यंत्र फरकांवरून संख्या शोधत होतं.

आता ही क्लासची रीत पहिल्या प्रश्नाला लावू. १, २, ४, ८, १६. फरक १, २, ४, ८. त्यांचे १, २, ४. त्यांचे १, २. त्यांचा १. तळाला एकटा १ उरला. तो कायम धरा आणि वर चढा: तिसऱ्या ओळीत ३, दुसरीत ७, पहिलीत १५, आणि १६ + १५ = ३१. वर्तुळातला तोच ३१! योगायोग नाही. वर्तुळाचं सूत्र चौथ्या घाताचं आहे, म्हणून त्याची जमीन चौथ्या ओळीतच लागते. सरांनी शिकवलेली रीत अक्षर न अक्षर पाळणाऱ्या मुलाचं उत्तर चुकीचं ठरणार, आणि प्रश्न बघताच बोलून टाकणाऱ्याचं बरोबर.

उत्तर १०० हवं असेल तर तेही मिळतं. तळाच्या १ खाली आणखी एक ओळ आहे असं समजा आणि तिच्यात ६९ लिहा. वर चढत गेलात की ३१ + ६९ = १००. ६९ ऐवजी १ लिहिला की ३२, उणे आठ लिहिला की २३. पाचच पदं दिली असतील तर सहाव्या पदाच्या जागी जगातली कोणतीही संख्या बसवता येते, आणि प्रत्येक वेळी तिच्यामागे एक रीतसर सूत्र उभं करता येतं. लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका लावून हरकती मागवतो, तेव्हा एखाद्या गणित शिकलेल्या मुलाने सिद्धतेसकट ३१ ची हरकत पाठवली तर काय होईल, हा विचार मला अधूनमधून सुचतो. काहीही होणार नाही, हे उघड आहे.

तर मग आपण सगळे ३२ च का म्हणतो? लाखो उमेदवार, वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या शाळांचे, आणि अनंत उत्तरांतून सगळ्यांचं बोट एकाच उत्तरावर. मला खरं नवल याचं वाटतं. दिलेल्या पाच संख्यांत ३२ लिहिलेला नाही. तो आपण घेऊन येतो. ‘दुप्पट करत जा’ हे तीन शब्दांत सांगता येतं, वर्तुळ आणि जीवा समजावायला मला वर दोन परिच्छेद लागले. कमी शब्दांत मावणारा नियम आपल्याला खरा वाटतो, आणि प्रश्न काढणाऱ्यालाही तोच वाटलेला असतो. संख्यामालिका सोडवणं म्हणजे प्रश्न काढणाऱ्या माणसाला ओळखणं. मला यात गैर काही दिसत नाही. फक्त त्याला शुद्ध गणित म्हणू नये. बँकेच्या परीक्षेतली ७, ८, १८, ५७, २३२ ही मालिका बघा. फरक १, १०, ३९, १७५. यातून काही सुचत नाही. पण पदं झपाट्याने वाढताहेत म्हणजे गुणाकार असणार, हा अंदाज बांधला की × १ + १, × २ + २, × ३ + ३, × ४ + ४ हे उलगडतं आणि उत्तर ११६५ येतं. हा नियम निसर्गात कुठे सापडत नाही. तो कुणीतरी टेबलाशी बसून रचला आहे, आणि तुम्ही त्याचं डोकं वाचलंत.

साधेपणाची ही ओढ दगाही देते. लंडनमध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक प्रयोग मांडला. २, ४, ६ हे त्रिकूट माझ्या नियमात बसतं, नियम ओळखा. तुम्ही आपली त्रिकुटं सुचवा, ती बसतात की नाही ते मी सांगतो. लोक ८, १०, १२ म्हणत, २०, २२, २४ म्हणत. दर वेळी ‘बसतं’ असं उत्तर येई आणि दोन-दोनाने वाढण्याचा नियम ते छातीठोकपणे सांगून टाकत. खरा नियम होता: चढत्या क्रमाने कोणत्याही तीन संख्या. १, ७, ५० विचारून बघावं, आपलाच अंदाज मोडून बघावा, हे बहुतेकांना सुचलं नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तर ते सुचायला वेळही नसतो.

रिचर्ड गाय या गणितज्ञाने १९८८ मध्ये या फसगतीला अर्ध्या थट्टेने एक नियमच बहाल केला. त्याचा आशय असा की लहान संख्या मोजक्या आहेत आणि त्यांच्याकडून करून घ्यायची कामं अगणित. १, २, ४, ८, १६ यांना दुपटीच्या मालिकेतही हजेरी लावावी लागते, वर्तुळाच्या तुकड्यांतही आणि ४९६ च्या विभाजकांतही. हे कोडं वेगळ्या टोकाने धरलं ते नील स्लोन यांनी. १९६४ मध्ये विद्यार्थी असतानाच ते अशा मालिका गोळा करू लागले. १९७३ मध्ये त्या संग्रहाचं पुस्तक झालं, आणि आज इंटरनेटवरच्या त्यांच्या मालिका-कोशात साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. सुरुवातीची काही पदं टाका, ती ज्या-ज्या मालिकांत येतात त्या सगळ्या समोर येतात.

राहिला २३. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जातात, पण त्यांचा आणखी एक खेळ होता. संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १ मध्ये १ मिळवला की २. मग ४, मग ८, मग १६. आता १६ चे अंक १ आणि ६, बेरीज ७, म्हणून पुढचं पद २३. त्यानंतर २८, ३८, ४९, ६२, ७०. नियम ‘दुप्पट करा’ इतकाच सोपा आहे. १६ ला पहिल्यांदाच दोन अंक जमतात आणि मालिका वळण घेते.

कापरेकरांनी पुढे विचारलं की या रीतीने कधीच जन्माला न येणाऱ्या, स्वयंभू म्हणाव्यात अशा संख्या कोणत्या? त्यांना त्यांनी आपल्या गावाचंच नाव दिलं, देवळाली संख्या. १, ३, ५, ७, ९ झाल्यावर त्या अशा येतात: २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. (त्यातही ३१ आहेच.) कोणताही उमेदवार फरक ११ बघून पुढे ११९ लिहील. पण १०९ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज १० मिळवली की ११९ येतो, म्हणजे तो बाद. पुढची देवळाली संख्या आहे ११०.

इथे वाटतं की मालिका मोडली. पण पुढे जा. ११० पासून पुन्हा अकरा-अकराने २०९ पर्यंत, मग २११. तिथून पुन्हा अकरा-अकराने ३१० पर्यंत, मग ३१२. दशकाचा अंक एकाने वाढला की संख्या १० ने वाढते आणि अंकांची बेरीज १ ने, म्हणून पावलं ११ ची. शतकाचा अंक वाढला की १०० अधिक १. आणि प्रत्येक टप्प्याची सुरुवात पाहा: ९, ११०, २११, ३१२. फरक १०१.