नहपानाच्या नाकावर टेकडी

नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली चांदीच्या 13,000हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. सगळी क्षहरात वंशातल्या राजा नहपानाची. पण त्यातल्या 9,000हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. पराभूत राजाची नाणी वितळवली का नाहीत? हा प्रश्न सुटेना, म्हणून एका संग्रहालयाच्या नाणेविभागात गेले.

तिथल्या बाई अशाच पुनर्मुद्रित नाण्यांची नोंद करत होत्या. वजन आणि मापं चटकन झाली. खरं काम त्यानंतरचं. दिवा तिरपा करायचा आणि भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवत राहायचं. सरळ उजेडात दिसते ती सातकर्णीची तीन कमानींची टेकडी. उजेड कलला, की तिच्याखालून काहीतरी वर येऊ लागतं.

‘‘हं, आलं बघा नाक,’’ बाई म्हणाल्या.

उजवीकडे तोंड केलेला नहपान होता तो, भोवती ग्रीक अक्षरांची मोडकी ओळ. त्या काळी भडोचला रोमन देनारियस येत आणि स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफ्याने खपत, असं ‘पेरिप्लस’ हा जुना ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो. अशा बाजारात राजाचा चेहरा आणि परकी लिपी यांना वजन असणारच. सातकर्णीच्या ठशात चेहरा नाही. एका बाजूला टेकडी आणि ब्राह्मीत नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली.

नाशिकच्या लेण्यातल्या लेखात त्याची आई बलश्री मुलाला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणते. इथे भिंगाखाली ते नाक मात्र शाबूत आहे, आणि माझी नजर तिथून हलत नाही.

बाईंच्या मते हे मुद्दाम केलेलं आहे. ‘‘वितळवलं असतं तर कोणाला जिंकलं ते कसं कळलं असतं?’’

मला ते पटत नाही. वितळवायचं तर भट्टी, कोळसा, पुन्हा तोलून चकत्या पाडणं आलं. इथे दोन ठशांमध्ये नाणं ठेवून एक घाव पुरतो. दोन ग्रॅमची एवढीशी चकती, आणि अशा 9,000हून जास्त. ठसा मारणारे हात किती थकले असतील! ट्रेमधल्या नाण्यांवर टेकडी कुठे गालावर आहे, कुठे मानेवर, कुठे चक्क उलटी. अपमानच करायचा असता, तर त्यांनी नेम धरला असता.