पहाटेच्या सफारीला कोणती गाडी?

चिखलदऱ्याला जायचे म्हटले की आमच्याकडे आधी स्वेटर काढतात, मग चिवडा बांधतात आणि गाडीचा विचार शेवटी करतात. 'जाऊ की, काळी-पिवळी मिळतेच' असे म्हणून निघणारी मंडळी मी आयुष्यभर पाहत आलो. मीही त्यांच्यातलाच. नुसते देवी पॉइंटला उभे राहून वारा खायचा असेल, भीमकुंड पाहायचे असेल, पंचबोलला आपलीच हाक परत ऐकायची असेल, तर हे चालून जाते. तास-दोन तास उशीर झाला म्हणून दरी कुठे निघून जात नाही. पण ज्या दिवशी तुमच्या हातात पहाटेच्या जंगल सफारीचा परवाना असतो, त्या दिवशी गाडीचा प्रश्न एकदम मोठा होतो. जंगलाचे फाटक कोणासाठी थांबत नाही.

हे मी शिकलो ते भाईजानमुळे. भाईजान म्हणजे माझे थोरले बंधू, राहणार अचलपूर. त्यांची उमर परतवाड्याच्या लाकूड डेपोच्या आसपास हिशेब लिहिण्यात गेली. मेळघाटातले सागवान त्यांनी लाखो वेळा कागदावर उतरवले असेल, पण उभे जंगल पहाटेच्या वेळी आतून कधी पाहिले नव्हते. काचबिंदूने त्यांची नजर बाजूबाजूने आटत चालली, तेव्हा एक दिवस ते सहज म्हणाले, "दिसते तोवर एकदा सेमाडोहच्या आत जाऊन येऊ." पुण्याच्या भाच्याने लगेच इंटरनेटवरून सेमाडोहची सकाळची सफारी नोंदवली. महिनाभर आधीचे आरक्षण हाती आले आणि आता काही काळजी नाही, असे आम्हाला वाटले.

मुक्काम चिखलदऱ्याला ठेवला. हीच पहिली चूक, आणि ती कोणा दुसऱ्याची नव्हती. अचलपूरच्या माणसाला आम्ही परतवाड्याहून घाट चढवून वर चिखलदऱ्याला नेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा डोंगरातल्या रस्त्याने सेमाडोहला उतरवायचे ठरले. नकाशावर ते वीतभर अंतर दिसते. परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे जाणारा जो मोठा रस्ता आहे, त्याच रस्त्यावर सेमाडोह आहे, पुढे कोलकास आणि हरिसाल. म्हणजे भाईजान आपल्या घरून पहाटे निघाले असते तर दीड-पावणेदोन तासांत थेट फाटकावर पोचले असते. चिखलदरा त्या वाटेत येतच नाही. पण 'मेळघाट म्हणजे चिखलदरा' हे समीकरण आपल्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की कोणी नकाशा उघडायची तसदी घेत नाही.

गाडी आदल्या रात्री फोनवर ठरवली होती. पहाटे ती आली ती पाऊण तास उशिरा, आणि आत आधीच दोन अनोळखी माणसे बसलेली. चालक म्हणाला, "बस भाऊ, आणखी दोन सीटा भेटल्या का निघालोच." भाईजान मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "काहून रे, गाडी हालत काहून नाही?" निघालो तेव्हा धुके दाटले होते, वळणावर पुढचे दहा हात दिसेनात. त्या चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. धुक्यात त्याने गाडी हळू चालवली, हे बरेच केले. आम्ही फाटकावर पोचलो तेव्हा सफारीच्या गाड्या कधीच आत गेल्या होत्या. वनरक्षकाने परवाना पाहिला, घड्याळ पाहिले आणि नम्रपणे मान हलवली. त्याचे बरोबर होते. उशिराने एकेक गाडी आत सोडत राहिले, तर जनावरांना सकाळभर चैन पडायचे नाही. भाईजान काही बोलले नाहीत. फाटकापलीकडच्या झाडांकडे चेहरा करून उभे राहिले. त्यांना त्यातले किती दिसत होते, हे मी विचारले नाही.

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यासच केला म्हणा ना. त्यातून जे समजले ते सांगतो.

गाडी निवडण्याआधी फाटक निवडा. मेळघाट व्याघ्र प्रकल्प हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा. तो अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेला इतका लांबरुंद पसरला आहे की त्याच्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जायला अर्धा दिवस मोडतो. वैराटकडची सफारी चिखलदऱ्याहून निघते. तेव्हा ज्यांना थंड हवा, गाविलगडचा किल्ला आणि जंगल हे सारे एकाच मुक्कामात हवे आहे, त्यांनी वैराट घ्यावे. सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही परतवाडा-धारणी रस्त्यावरची ठिकाणे. आणि अकोल्याकडच्या माणसाने अमरावतीला वळसा घालून यायचे काही कारण नाही. अकोट, पोपटखेडमार्गे शहानूरला जावे, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी. अकोला ते अकोट मीटरगेज रेल्वे २०१७ च्या आरंभी बंद झाली होती. तिचे रुंदीकरण होऊन २०२२ च्या नोव्हेंबरात गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पण पहाटेच्या फाटकासाठी त्या रेल्वेचा उपयोग एवढाच की आदल्या दिवशी अकोटला येऊन राहावे.

'आदल्या दिवशी' हेच शब्द मी पुन्हा पुन्हा वापरणार आहे, कंटाळू नका. मुंबईहून येणारे पाहुणे नेहमी विचारतात, रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने निघालो तर सकाळची सफारी मिळेल का? नाही मिळणार. ती गाडी सकाळी अमरावतीत पोचते आणि सफारीच्या जिप्सी त्याआधीच जंगलात शिरलेल्या असतात. बडनेऱ्याला पहाटे उतरवणारी गाडी धरली तरी हिशेब जमत नाही. बडनेऱ्याहून अमरावती, तिथून पन्नासएक किलोमीटरवर परतवाडा, आणि पुढे घाट. सपाटीवर तासाला साठ किलोमीटर जाणारी गाडी घाटात पंचवीसवर येते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन १६ एप्रिल २०२५ रोजी झाले आणि मुंबईची विमानसेवा सुरू झाली, ती सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस होती. विमानाने या, हरकत नाही, पण वेळापत्रक पाहून या. आणि ज्या दिवशी उतराल त्या दिवशी दुपारच्या सफारीचीही हाव धरू नका. दमलेल्या माणसाला जंगलात झोप येते.

एके काळी मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतला रेल्वे येत असे. नॅरोगेज, ७६ किलोमीटरला चार तासांच्या आसपास. लहानपणी आम्ही भावंडे तिच्यातून मामूंकडे जायचो. वाटेत उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येते, अशी तिची ख्याती. ती गाडी काही वर्षांपूर्वी बंद पडली. पहाटेच्या सफारीला ती कधीच उपयोगी पडली नसती, पण तिचे नाव निघाले की मला राहवत नाही.

आता एसटी. लोक नाक मुरडतात. माझे मत असे आहे की एकट्या-दुकट्याने आदल्या दिवशी जाण्यासाठी एसटीसारखी गाडी नाही. अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून धारणीची बस, सेमाडोहला उतरायचे. चालकाला घाट तळहातासारखा माहीत असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवासाची सवलत जाहीर झाली, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांना नेणे हलके झाले आहे. आधार कार्ड मात्र जवळ हवे. ते सफारीच्या फाटकावरही दाखवावे लागते, ज्याच्या नावाने आरक्षण त्याचेच. पण त्याच दिवशी पहाटे एसटीने फाटक गाठू, असे कोणी म्हणाले तर मी हात जोडीन. पहिली बस तुमच्या सफारीचे घड्याळ पाहून सुटत नाही.

भाड्याची गाडी करायची असेल तर सबंध गाडी करा, सीट नव्हे. काळी-पिवळीचा धंदाच भरून निघण्याचा आहे. तिला घाई नसते, आणि तुम्हाला असते. सबंध गाडीचे पैसे जास्त वाटतात, पण पाच-सहा जणांत वाटले की हिशेब बसतो, शिवाय बुडालेल्या परवान्याचे, जिप्सीचे, गाइडचे पैसे कोणी परत करत नाही. चालक चिखलदरा-परतवाड्याकडचाच असावा आणि त्याने रात्री तुमच्याच गावात मुक्काम करावा. पहाटे चार वाजता फोन उचलणारा माणूस फक्त स्वप्नात भेटतो.

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल परतवाड्यात भरून घ्या. रात्री जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर नाके लागतात, तेव्हा ते कोणत्या वेळी उघडतात हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि शहाणपणही. परवान्याचा कागद छापून खिशात ठेवा, डोंगरात मोबाइलची रेंज ससेहोलपट करते. परवान्यात जिप्सी धरलेली आहे की वेगळी घ्यायची, हे घरी बसून वाचून घ्या, फाटकावर नव्हे. आणि वेळ प्रत्येक खेपेला नव्याने पाहा. आपल्याकडे जूनच्या आरंभी पावणेसहाच्या आत उजाडते, जानेवारीच्या आरंभी सात वाजत येतात. सफारीच्या वेळा सूर्याप्रमाणे सरकतात, गेल्या वर्षीच्या वेळेवर विसंबून राहू नये.

पावसाळ्याचे गणित निराळेच. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी सारे वऱ्हाड चिखलदऱ्याच्या घाटात असते. गाड्यांची रांग लागली की पोलीस कधी कधी एका रस्त्याने चढवतात आणि दुसऱ्याने उतरवतात. त्या दिवसांत वाघाच्या जंगलाचा गाभा सफारीला बंदच असतो. तेव्हा घाई कसली आणि आरक्षण कसले, भाजलेले कणीस खात रांगेत उभे राहावे. खोलीचे आरक्षण मात्र हवेच, नाहीतर रात्र गाडीत काढावी लागते. मी एकदा काढली आहे.

भाईजानचे राहिलेच. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा नोंदवले. या वेळी आधी सेमाडोहच्या वन संकुलात खोली मिळते का ते पाहिले आणि ती मिळाली तेव्हाच सफारीची तारीख घेतली. दुपारी परतवाड्याहून धारणीची बस धरली. भाईजान खिडकीशी बसले, मी वळणे सांगत होतो, ते वासावरून ओळखत होते. बिहाली आली, घटांग आले. रात्री नऊलाच झोपलो. पहाटे फजरची नमाज आटोपून चालत फाटकावर गेलो, जिप्सी यायची होती. आम्हीच पहिले. तोच वनरक्षक असावा, नक्की सांगता येत नाही, टोपीमुळे सगळे सारखे दिसतात.

वाघ दिसला नाही. मेळघाटात तो सहज दिसत नाही, डोंगर आणि झाडी दाट आहे, आणि त्याला दिसायचे कारणही नाही. गाइड तरुण कोरकू मुलगा होता. त्याने रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. जगातून नाहीसा झाला असे शंभरावर वर्षे मानले गेलेले हे छोटे घुबड १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि नंतर मेळघाटातही आढळले. इतर घुबडे झोपतात तेव्हा हे दिवसा वावरते, त्यामुळे सकाळी ऐकू येण्याची आशा धरता येते. गाडी बंद करून त्याने बोट ओठावर ठेवले. आम्ही सगळे डोळे फाडून झाडे शोधत होतो. भाईजाननी मात्र डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी हळूच माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि डावीकडे बोट केले. तिकडे एका वठलेल्या सागाच्या फांदीवर मुठीएवढे काहीतरी हलले आणि उडून गेले.

"तोच होता का?" मी विचारले.

गाइड म्हणाला, "असंल." भाईजान म्हणाले, "होताच."